वळ गांवचा ळ : आगरी बोलीचे ध्वनि व आपलीं अक्षरें

भाषा तोंडांत राहते आणि लिपि कागदावर राहते. या दोघी इतक्या जुन्या सोबतिणी आहेत कीं, त्या एकच होत असा पुष्कळांचा समज होऊन बसतो. शाळेच्या भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता म्हणजे मराठी भाषा, आणि त्या तक्त्याबाहेर जें कांहीं तोंडून निघेल तें अशुद्ध, असें आपण नकळत मानूं लागतों. वास्तविक बोलणारा मनुष्य अक्षरें बोलत नसतो, ध्वनि बोलत असतो. अक्षर ही त्या ध्वनीची मागाहून ठरविलेली खूण होय. ही खूण कधीं अपुरी पडते, कधीं गरजेपेक्षां अधिक होते, तर कधीं मूळ ध्वनि लोकांच्या तोंडून नाहींसा झाला तरी जागच्या जागीं उभी राहते. याचें उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. आपल्या भिवंडी तालुक्यांतील आगरी बोली त्यास पुरेशी आहे.

भिवंडीहून ठाण्याच्या बाजूस येऊं लागलें म्हणजे त्या टापूंत वळ, पूर्णा, दापोडे, राहनाळ, काल्हेर, कशेळी अशीं गांवें लागतात. एके काळीं भातशेतीचा असलेला हा प्रदेश आज मोठमोठ्या गोदामांनीं भरून गेला असून, देशाच्या सर्व भागांतून मालगाड्या येथें येत असतात. यांपैकीं वळ हें नांव केवळ दोन अक्षरांचें आहे. परंतु तेवढ्यांतहि भाषाशास्त्राचा एक पाठ सांठविलेला आहे. शाळेंत शिकलेला मनुष्य या गांवास वळ म्हणतो. गांवांतील जुन्या आगरी आजीबाईच्या बोलीच्या नियमानें तेंच नांव वल असें होतें. उत्तर हिंदुस्थानांतून माल घेऊन आलेल्या गाडीवानाच्या भाषेंत ळ हा ध्वनीच नसल्यामुळें तोहि वल असेंच म्हणणार. आणि रोमन अक्षरांत लिहिलेली पाटी वाचणारा परका मनुष्य वल, वाल, व्हॅल यांपैकीं काय वाचील याचा नेम नाहीं. आतां प्रश्न असा कीं, ज्या आजीबाईचा सारा जन्म या मातींत गेला, ती आपल्याच गांवाचें नांव चुकीचें घेते काय ? या प्रश्नाचें उत्तर देतां यावें म्हणून प्रथम तिच्या बोलीचे ध्वनि पाहिले पाहिजेत.

आगर म्हणजे मिठागर किंवा बागाईत. त्यावरून आगरी हें नांव पडलें असें सामान्यतः समजलें जातें. ठाणें व रायगड जिल्ह्यांत आणि मुंबईच्या आसपास ही वस्ती आहे. त्यांच्या बोलीची नोंद विद्वानांनीं शंभर वर्षांपूर्वींच करून ठेविली. सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या संपादकत्वाखालीं हिंदुस्थानांतील भाषांची जी विस्तृत पाहणी झाली, तिचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कोंकणांतील कोळी, कुणबी, ठाकरी, वारली, काथोडी इत्यादि बोलींबरोबर आगरी बोलीचाहि समावेश आहे. या पाहणींत निरनिराळ्या बोलींची तुलना करतां यावी म्हणून एकच मजकूर सर्वत्र घेतला होता, आणि तो म्हणजे शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राचा दाखला. एकाच बापाची आणि त्याच्या दोन पुत्रांची ती कथा शेंकडों बोलींत उतरली, आणि एकाच शब्दाचीं रूपें मुलखागणिक कशीं पालटतात हें त्यामुळें शेजारीं शेजारीं ठेवून पाहतां आलें.

आतां ध्वनींकडे वळूं. आपल्या वर्णमालेची मांडणी जुन्या वैयाकरणांनीं मोठ्या चातुर्यानें केलेली आहे. कंठापासून ओठांपर्यंत तोंडांतील ज्या ज्या जागीं ध्वनि अडतो, त्या त्या जागेप्रमाणें क, च, ट, त, प असे वर्ग पाडले आहेत. यांतील ट, ठ, ड, ढ, ण हा वर्ग आणि त्यांच्या जोडीस ळ, यांस मूर्धन्य म्हणतात. हे वर्ण उच्चारतांना जिभेचें टोंक वर उचलून मागें वळवावें लागतें. वाचकांनीं कल आणि कळ हे दोन शब्द सावकाश उच्चारून पाहावे. पहिल्यांत जिभेचें टोंक दांतांच्या मुळाशीं टेकतें. दुसऱ्यांत तें मागें मुरडून टाळूस लागतें व झटकन् पुढें येतें. सारा भेद काय तो या मुरडीचा आहे.

आगरी बोलीचा मुख्य विशेष असा कीं, ही मुरड तिनें पुष्कळ ठिकाणीं सोडून दिली आहे. ळ च्या जागीं ती ल म्हणते. वेळ याचें वेल, काळा याचें काला, सगळा याचें सगला असें रूप होतें. ण च्या जागीं ती न म्हणते. पाणी याचें पानी, कोण याचें कोन, लोणी याचें लोनी होतें. आणि शब्दाच्या मध्यें किंवा शेवटीं स्वरानंतर ड आला तर त्याच्या जागीं ती र म्हणते. घोडा याचा घोरा, गाडी याची गारी, झाड याचें झार, थोडा याचा थोरा होतो. वरवर पाहणारास हे तीन निरनिराळे दोष वाटतात. पण ते तीन नसून एकच प्रवृत्तीचीं तीन अंगें आहेत. तिन्हीं ठिकाणीं मागें वळणारी जीभ सरळ राहिली, एवढेंच काय तें झालें.

यांत अंदाधुंदी मुळींच नाहीं, हें डोळा या एका शब्दावरून दिसून येईल. आगरींत त्याचें डोला असें रूप होतें. मधल्या ळ चा ल झाला, पण आरंभींचा ड मात्र जसाच्या तसा राहिला; कोणीहि आगरी मनुष्य त्यास रोला म्हणणार नाहीं. तसेंच पोट, वाट यांतील ट कायम राहतो. म्हणजे कोणता वर्ण बदलावा, कोणत्या जागीं बदलावा आणि कोणत्या जागीं बदलूं नये, हें या बोलीनें ठरवून टाकलेलें आहे. तो नियम कोणीं पुस्तकांत लिहिला नाहीं, तरी चार वर्षांचें पोर तो न चुकतां पाळतें. ज्या बोलण्यास असा नियम आहे त्यास गबाळें बोलणें म्हणतां येत नाहीं.

आणखी दोन विशेष सांगण्यासारखे आहेत. शब्दाच्या आरंभीं व नंतर इकार आला तर व गळून पडतो : विस्तव याचा इस्तव, वीस याचें ईस, विकत याचें इकत. आणि शब्दाच्या मध्यें किंवा शेवटीं येणाऱ्या महाप्राण वर्णांतील हकार बहुधा क्षीण होतो : बघ याचें बग, तुझा याचें तुजा. हे दोन विशेष एकट्या आगरीचे नव्हत. घाटावरील खेड्यांतहि ते ऐकूं येतात. शिवाय, दर बारा कोसांवर भाषा बदलते या न्यायानें आगरींतहि गांवागणिक थोडाबहुत फरक आहेच. येथें सांगितलेले नियम मुख्यतः जुन्या पिढीच्या बोलण्यास लागू पडतात. शाळा शिकलेल्या तरुणांच्या तोंडीं ळ आणि ण आतां पुष्कळ ऐकूं येतात.

येथें कोणी अशी शंका काढील कीं, वर्ण असे एकमेकांत मिसळले तर अर्थाचा घोंटाळा होणार नाहीं काय ? काळ आणि काल, वेळ आणि वेल, मण आणि मन, घडी आणि घरी, हे शब्द एकसारखे ऐकूं आले तर समजावें कसें ? याचें उत्तर असें कीं, मनुष्य सुटे शब्द बोलत नाहीं, वाक्यें बोलतो. शिष्ट मराठींत तरी कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारी पट्टी आणि कर म्हणजे करण्याची आज्ञा, असे तीन अर्थ एकाच ध्वनींत नांदत नाहींत काय ? तेथें आपण कधीं अडखळत नाहीं. शिवाय हिंदी व बंगाली या मोठ्या भाषांचा संसार ळ वांचून उत्तम चालला आहे. हिंदी मनुष्य पाण्यास पानीच म्हणतो, आणि बंगालींत ण चें अक्षर लिहिलें तरी उच्चार न असाच होतो. एकच पानी दिल्लीच्या तोंडीं शिष्ट आणि वळच्या तोंडीं गांवढळ, असा निवाडा करणें न्यायाचें नव्हे. तो निवाडा कानाचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

मग आपला ळ आला कोठून ? त्याचा इतिहासहि मनोरंजक आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेंत ईळे असा शब्द आहे. त्याचें मूळ ईड् हा धातु. दोन स्वरांमध्यें सांपडलेल्या ड चा तेथें ळ होत असे. पुढील संस्कृतांत हा ळ राहिला नाहीं. म्हणजे दोन स्वरांमधील ड नें आपलें रूप पालटावें ही गोष्ट आगरी लोकांनीं नवीन काढलेली नाहीं. ऋषींच्या वाणींतहि ती घडत होती, मात्र तेथें ळ झाला, येथें र झाला. हिंदींतील घोड्याच्या ड खालीं जो टिंब देतात, तोहि याच जागीं झालेल्या बदलाची खूण आहे.

मराठींतील ळ बहुतेक निराळ्या वाटेनें आला. संस्कृतांतील दोन स्वरांमधला एकेरी ल मराठींत ळ झाला : फल याचें फळ, मूल याचें मूळ, कमल याचें कमळ, काल याचा काळ. परंतु प्राकृतांत जेथें ल दुहेरी झाला होता, तेथें मराठींत साधा ल उरला : कल्य, कल्ल, आणि त्यावरून आदल्या दिवसाचा काल, तैल, तेल्ल, आणि त्यावरून तेल. न व ण यांचीहि हीच कथा आहे. जन याचा जण आणि पानीय याचें पाणी झालें. पण कर्ण याचें प्राकृतांत कण्ण होऊन मराठींत कान झाला, आणि पर्ण याचें पण्ण होऊन पान झालें. मुळांत ण असलेल्या शब्दांत न आला आणि मुळांत न असलेल्यांत ण आला ! तेव्हां ण म्हणजे शुद्ध आणि न म्हणजे अशुद्ध, ही समजूत किती पोकळ आहे हें उघड होईल. यावरून विद्यार्थ्यांस एक उपयुक्त गोष्टहि लक्षांत ठेवतां येईल : मराठी शब्दाच्या आरंभीं ळ किंवा ण कधींच येत नाहीं; त्यांचें स्थान मध्यें किंवा शेवटींच असतें.

आपली बाळबोध लिपि ध्वनीचें हुबेहूब चित्र काढते असा आपणांस अभिमान असतो. तो बराचसा खरा आहे, पण सर्वस्वीं खरा नाहीं. जग म्हणजे दुनिया आणि जग म्हणजे जिवंत राहा, या दोहोंतील ज एक नव्हे. एक तालूचा आहे, दुसरा दांतांचा आहे. चार म्हणजे तीन अधिक एक, आणि गुरें चार यांतील चार, यांचाहि उच्चार भिन्न. तरी अक्षर दोहोंस एकच. उलट श आणि ष हीं अक्षरें दोन, पण बहुतेकांच्या तोंडीं ध्वनि एक. काल्हेर या गांवाच्या नांवांत ल्ह हा वस्तुतः एकाच झटक्यानें निघणारा ध्वनि आहे, पण लिहितांना ल आणि ह यांची मोट बांधावी लागते. तक्त्यांत ङ आपल्या जागीं बसलेला असतो, पण मराठींत त्यास सुटें काम जवळजवळ नाहीं. बॅट, ऑफिस असे शब्द आले तेव्हां अर्धचंद्र घ्यावा लागला, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या निर्णयानें ॲ व ऑ या स्वरांस वर्णमालेंत रीतसर जागा मिळाली. तात्पर्य, वर्णमाला ही स्वर्गांतून उतरलेली वस्तु नसून माणसांनीं गरजेप्रमाणें सुधारीत आणलेलें साधन आहे.

परक्या लिपींत आपला ध्वनि बसवावयाचा तर अडचण याहून मोठी. इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं गोव्यांतील राचोल येथें छापून निघालें. भाषा मराठी, पण अक्षरें रोमन. त्या लिपींत ट, ड, ण, ळ यांस स्वतंत्र अक्षरें नाहींत. म्हणून मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठीं तींच रोमन अक्षरें दुहेरी लिहिण्याची युक्ति योजिली गेली. ल एकदां लिहिला तर ल आणि दोनदां लिहिला तर ळ. परक्या देशांतून आलेल्या मनुष्यानें ल आणि ळ यांतील अंतर आपल्या कानानें टिपलें, आणि तें कागदावर हरवूं नये म्हणून इतकी खटपट केली, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. असेंच काम पुढें पुष्कळ ठिकाणीं झालें. सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस मेंतावाई नांवाचीं बेटें आहेत; तेथें १९०१ सालीं जर्मन मिशनरी गेले. तेथील भाषाहि आज रोमन अक्षरांत लिहितात, आणि ङ या एका ध्वनीसाठीं त्यांस दोन अक्षरें जोडावीं लागतात. आमच्या तक्त्यांत जें अक्षर रिकामें बसलें आहे, तें त्यांस मिळतें तर एका अक्षराची बचत झाली असती !

त्या मानानें आगरी बोली भाग्यवान आहे. तिच्यासाठीं नवें अक्षर घडवावयास नको कीं जुनें दुहेरी करावयास नको. बाळबोध लिपींत तिला लागणारीं सर्व अक्षरें आहेत, उलट कांहीं उरतातहि. गरज आहे ती लिहिणाराच्या प्रामाणिक कानाची. आगरी लग्नांत धवलारिणीचा मान मोठा असतो. लग्नविधीच्या निरनिराळ्या प्रसंगीं ती धवले गाते, आणि हीं गीतें आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे तोंडानेंच चालत आलीं आहेत. आतां एकादा सुशिक्षित मनुष्य तीं उतरून घेण्यास बसला आणि सवयीनें प्रत्येक ल चा ळ व प्रत्येक न चा ण करूं लागला, तर काय होईल पाहा. डोला आणि बोला हें यमक जुळतें. डोळा आणि बोला हें जुळत नाहीं. गारी आणि नारी जुळतात. गाडी आणि नारी जुळत नाहींत. शुद्ध करण्याच्या भरांत तो गीताचा प्राणच काढून घेईल. स्वतः धवलारीण हा शब्दहि पुस्तकांत कोठें धवळारीण असा छापलेला आढळतो. ज्या बाईचें तें नांव आहे तिच्या तोंडीं मात्र तो धवलारीन असतो.

या विवेचनाचा शाळेशीं फार निकटचा संबंध आहे. आगरी घरांतून आलेलें मूल निबंधांत पानी असें लिहितें, तेव्हां त्याच्या हातून आळस घडलेला नसतो. त्यानें जें ऐकलें तेंच प्रामाणिकपणें लिहिलेलें असतें. वर्गांत त्यावर हंशा पिकला म्हणजे दोनांपैकीं एक गोष्ट होते. एक तर तें मूल गप्प बसूं लागतें, आणि गप्प बसलेल्या मुलास कोणतीच भाषा शिकवितां येत नाहीं. किंवा तें भीतीनें जेथें तेथें ळ आणि ण पेरूं लागतें, आणि मग फुलाचें फूळ व कानाचा काण होतो. हे दोन्हीं रोग एकाच औषधानें बरे होण्यासारखे आहेत. शिक्षकानें प्रथम सांगावें कीं, तुझ्या घरची बोली नियमबद्ध आहे. तिचा नियम असा आहे. नंतर सांगावें कीं, पुस्तकी मराठीचा नियम निराळा आहे, आणि परीक्षेंत, पत्रांत, कचेरींत तो पाळावा लागतो. मग कल आणि कळ हे शब्द शेजारीं ठेवून जीभ कोठें वळते तें दाखवावें. ग्रांथिक मराठी आलीच पाहिजे, याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र संशय नाहीं. तिच्यावांचून पुढील शिक्षणाचीं दारें उघडत नाहींत. परंतु नवें घर बांधावयाचें म्हणून आईचें घर पाडलेंच पाहिजे, असें थोडेंच आहे ? ज्यास दोन नियम ठाऊक आहेत तो एक नियम जाणणारापेक्षां अधिक शिकलेला होय.

याविषयीं आतां उशीर करून चालणार नाहीं. शेतें गेलीं, गोदामें आलीं. घरोघर दूरचित्रवाणी आली. आईबाप मुलांशीं मुद्दाम पुस्तकी भाषेंत बोलूं लागले. यांत कोणासहि दोष देण्यासारखें नाहीं. तथापि ज्या आजीबाईच्या तोंडीं या बोलीचे सर्व नियम शाबूत आहेत, ती आपल्याबरोबर एक न छापलेला ग्रंथच घेऊन जाणार आहे, हें विसरूं नये.

म्हणून आमच्या विद्यार्थिमित्रांस आमची एक सूचना आहे. येत्या सुटींत एक कोरी वही घ्यावी आणि घरांतील अथवा शेजारच्या वडील माणसाजवळ बसावें. शेतीचीं आउतें, माशांचे व भाताचे प्रकार, स्वयंपाकाचीं भांडीं, नात्यांचीं नांवें, यांपैकीं रोज वीस शब्द विचारून जसे कानीं पडतील तसेच लिहावे. डाव्या बाजूस ऐकलेला शब्द, उजव्या बाजूस पुस्तकी शब्द. मध्यें कोणाचेंहि शुद्धलेखन सुधारूं नये. वळच्या मुलानें पहिल्या पानावर आपल्या गांवाचें नांव दोन्हीं बाजूंस लिहावें : इकडे वल, तिकडे वळ. दोन्हीं खरीं आहेत.